बंदुकीचं तेल

बंदुकीला तेल कुठलं लावावं, याबद्दल कोकणातल्या प्रत्येक परवानाधारकाचं एक ठाम मत असतं. कुणी खोबरेल म्हणतो, कुणी इंजिन ऑइल, कुणी डब्ल्यूडी-४०. आमच्या अण्णाकाकांचं मत जरा निराळं आहे. "तेल लावूचा नसता रे, पुसूचा असता."

अण्णांकडे बारा बोअरची दुनळी आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. माकडं आणि रानडुकरं पळवायला वर्षातून चार-पाच बार, तेही बहुतेक हवेत. बाकीचे दिवस ती कपाटात. म्हणजे झिजून खराब होण्याची भीती नाहीच, भीती आहे ती गंजाची. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायला तयारच असतं. आमच्याकडे पावसाळ्यात ती ९०च्या आसपास, त्यात खारा वारा आणि घामेजले हात! पोलादावर उमटलेला बोटाचा ठसासुद्धा गंजून वर येतो.

आता तेलांकडे वळू. खोबरेल किंवा कुठलंही खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होतं आणि घोड्याच्या आतल्या कमानीत गोंद बसतो. जवसाचं तेल तर वाळून चक्क कवच धरतं. गंमत म्हणजे हाच दोष लाकडी दस्त्यावर गुण ठरतो, म्हणून दस्त्याला जवस आणि लोखंडाला खनिज तेल. डब्ल्यूडी-४० हे अमेरिकेत १९५३ साली जमलेलं, पाणी हुसकावण्याच्या मिश्रणाचं ४०वं सूत्र. भिजलेली बंदूक कोरडी करायला ते छान, पण त्याचा थर अगदी पातळ. त्याच्या भरवशावर आषाढ-श्रावण काढू नयेत. अण्णा वापरतात ते साधं शिलाई मशीनचं तेल. चिंधीवर चार थेंब, गजाने नळीतून दोनदा फिरवायचं, बाहेरून हात फिरवल्यासारखं पुसायचं आणि दर महिन्याला पुन्हा तेच. चामड्याच्या म्यानात मात्र कधीच ठेवायची नाही, चामडं ओल धरून ठेवतं.

एक गोष्ट ते फार गंभीरपणे सांगतात. बार काढण्याआधी नळी कोरडी आणि मोकळी असलीच पाहिजे. आत साचलेलं तेल किंवा ग्रीस, नाहीतर कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर... अडकलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुटते, आणि तिच्याबरोबर हातही जातो. म्हणून बंदूक मोडून, रिकामी आहे याची खात्री करून, उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार बघायचं. मग बाकीचं.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. मार्चमध्ये गेली, ती पाऊस तोंडावर आल्यावर, जूनमध्ये परत आली. नळ्यांच्या मधल्या पट्टीलगत तांबूस रेघ! तेल तेच होतं, पुसणारा हात नव्हता. पातळ तेल केव्हाच ओघळून गेलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत, दोन दिवस बारीक लोखंडी लोकर आणि तेल घेऊन पडवीत बसून राहिले. विधानसभेच्या वेळी बंदूक पुन्हा जमा करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी बाहेरून व्हॅसलीनचा थर दिला आणि परत आल्यावर सगळा पुसून काढला. या वेळी डाग नाही. जिथे पुसायला कुणी नसतं तिथे घट्ट थर, जिथे हात फिरतो तिथे पातळ. सगळ्या तेलांचं शास्त्र माझ्या मते एवढंच.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण म्हणजे अण्णांचा हात आता थरथरतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला आपल्या हयातीतच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. आम्हा भावंडांत त्यावर फोनाफोनी चालू आहे. "आजोबांची आठवण" म्हणून ती सगळ्यांनाच हवी आहे. तेव्हा हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना एकच सांगतो: महिन्यातून पंधरा मिनिटं ज्याला खरोखर देता येतील त्यानेच हो म्हणावं. कुणालाच जमणार नसेल तर अण्णांच्या हयातीतच, त्यांच्या हाताने पुसलेली, ती रीतसर जमा करूया. भिंतीवरची गंजकी बंदूक ही काही आठवण नव्हे.