मंगळवेढ्याची ज्वारी

आमचे घराणे तीन पिढ्या सोलापुरात धान्याच्या व्यापारात आहे. त्यामुळे धान्य कोठून आले हे विचारल्यावाचून ते घरात घेण्याची सवय आम्हांस नाही. सुटी ज्वारी बंद करून दुकानात परराज्यातून येणारे तयार पीठच ठेवावे, असे धाकट्या पुतण्याने मध्यंतरी सुचविले. हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. निवडणे, चाळणे, वजनातील घट, सारेच वाचते. तरीही मी नकार दिला.

मंगळवेढा आमच्यापासून 50-55 किलोमीटरवर. तेथील काळ्याभोर, खोल जमिनीत पावसाळा सरताना ज्वारी पेरतात आणि पुढे ती बहुतांशी मातीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. मालदांडीची पांढरीशुभ्र, गोडसर भाकरी ज्याने खाल्ली आहे, त्याला अधिक सांगायला नको. 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने पीक टिकत नाही. गिऱ्हाईक असेल तरच टिकते. पाण्याची सोय झाली की शेतकरी उसाकडे वळतो, आणि त्यास दोष तरी कसा द्यावा? ज्वारीची काढणी, खुडणी बहुधा हातानेच, आणि मजूर मिळत नाहीत. पण ज्वारी गेली की कडबाही जातो. मग उन्हाळ्यात दावणीच्या जनावरांनी काय खावे? जीवदयेसाठी सढळ हाताने देणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रश्न धान्य विकत घेतानाही स्वतःस विचारावा, असे मला वाटते.

दुसरे कारण स्वयंपाकघरातले. पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवसांची, हे आमच्या घरात नव्याने कोणास सांगावे लागत नाही. पिशवीबंद पीठ गिरणीतून निघून वखारीत, तेथून दुकानात येईपर्यंतच ती उलटलेली असते. ज्वारी जवळची असावी, उन्ह दाखवून निवडावी आणि लागेल तेवढीच दळून आणावी. (आमच्या गल्लीतील गिरणीवाला सकाळचे पहिले दळण आमच्यासाठी राखून ठेवतो, ही सोय वेगळीच.)

जवळचे ते सारे स्वस्त, असे मात्र मी म्हणणार नाही. चांगल्या मालदांडीचा भाव संकरित ज्वारीहून चढाच असतो, आणि मंगळवेढ्याच्या नावावर भलताच माल खपविणारेही बाजारात आहेत. म्हणून आम्ही जुन्या ओळखीच्या खातेदारांकडूनच ज्वारी घेतो, पोत्यावर गावाचे नाव घालतो, आणि गिऱ्हाइकाने विचारले तर भावातील फरक कोठे गेला, तेही वही उघडून दाखवितो.