बहादूरचा भगवा कुर्ता

बोरीवलीतल्या आमच्या घरातून कितीतरी पुस्तकं रद्दीत गेली, पण इंद्रजाल कॉमिक्सचे काही अंक मी जाऊ दिले नाहीत. ते बहादूरचे अंक आहेत.

टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल सुरू केलं. आम्हा मुलांचे त्यातले हिरो म्हणजे वेताळ आणि मॅन्ड्रेक, दोघेही परदेशी. १९७६ साली त्यांच्यात बहादूर आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूर उडत नाही, जादू करत नाही. तो डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला आणि एका पोलीस अधिकाऱ्यानेच त्याला वाढवलं. मोठा होऊन तो नागरिक सुरक्षा दल उभारतो. गावाने स्वतःचं रक्षण स्वतः करायचं, एवढीच त्याची शक्ती.

चित्रं मात्र आजही निवांत पाहावीत अशी. इंद्रजालची जुनी मुखपृष्ठंही गोविंद ब्राह्मणियाच रंगवत, त्यामुळे हात तयार होता. बहादूरच्या अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. गर्दीच्या चौकटीतही नजर आधी त्या कुर्त्यावर जाते. गाव आणि शहर एकाच माणसाच्या अंगावर आलं आणि तो आपल्या ओळखीचा वाटू लागला. सोबतची बेलाही नुसती वाचवली जाण्यासाठी नाही. मारामारीत ती त्याच्या बरोबरीने उतरते.

मुसलमान लेखकाने आपल्या नायकाला भगवा कुर्ता घातला, याचं आमच्या अब्बांना काही वाटलं नाही आणि अंक मागून नेणाऱ्या शेजारच्या काकांनाही नाही. आज तोच अंक छापायचा म्हटलं, तर लेखकाचं नाव आणि कुर्त्याचा रंग यांवर आधी वाद होईल, चित्र मागाहून पाहिलं जाईल.

आपल्यातलेही काही जण विचारतात, सुरतींनी मुसलमान नायक का नाही केला? २०१४ साली मार्व्हलने कमला खान या पाकिस्तानी वंशाच्या मुलीला स्वतःची मालिका दिली, याचा मलाही आनंद आहे. आपल्या मुलींनी आपल्यासारखं नाव मुखपृष्ठावर वाचायलाच हवं. पण मुसलमान लेखकाने फक्त मुसलमानांचीच गोष्ट सांगावी, ही अट मला मान्य नाही. चंबळही त्याची, गावही त्याचं, भगवा रंगही त्याच्या रंगपेटीतला.

बोरीवलीहून विरारकडे जाताना दहिसरनंतर मीरा रोड येतं. तिथे २००७ पासून सुरतींनी दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरची गळकी नळं फुकट दुरुस्त करण्याचं काम चालवलं. नळ कुणाच्या घरातला, हे पाण्याला ठाऊक नसतं. मुलांना कमला खान जरूर द्या. तिच्याशेजारी बहादूरही ठेवा, आणि तो कुणी लिहिला, कुणी काढला, ती दोन्ही नावं एका दमात सांगा.