समक्ष पंच

आमच्या आजोबांनी आयुष्यात एक गोष्ट लिहिली नाही, पण त्यांच्या सह्यांचे कागद कोर्टाच्या दप्तरात बरेच असतील. वणीच्या शिवारात कोणी विहिरीत सापडलं, बागेत कोणी औषध घेतलं, की फौजदार पंच म्हणून गावातली दोन प्रतिष्ठित माणसं शोधत. त्यात आजोबा ठरलेले. प्रतिष्ठा एवढीच, की पूर्ण वाचल्याशिवाय ते सही करत नसत.

मी मागेमागे जाऊन लांब उभा राहायचो. हवालदार मोठ्यानं बोलत लिहायचा: पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस शिवाररस्ता, दक्षिणेस नाला. मेलेल्या माणसाच्या आधी त्याची चतुःसीमा. ‘रक्त’ असं तर कधीच लिहीत नसत. ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’. समोर धडधडीत दिसतंय आणि हे ‘सारखे’ म्हणतात, याचा मला राग यायचा.

त्याच वयात वाचनालयातून बाबुराव अर्नाळकर घरी येऊ लागले. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाडनं माझी झोप उडवली. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या सगळ्यांचे नायक बेधडक. त्यांपैकी कोणाला पंच मिळेना म्हणून खोळंबून बसलेलं मला आठवत नाही. वणीत खरी अडचण तीच. मेलेल्याला बघायला अख्खं गाव जमतं, सहीचा कागद निघाला की बांध मोकळा होतो. पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा कोण खाणार?

लिहायला लागलो तेव्हा दिवाळी अंकांकडे कथा पाठवायचो. त्या परत यायच्या. काही परतही यायच्या नाहीत. धीर धरा, असं सगळे सांगतात, पण धीर धरून नेमकं करायचं काय ते कोणी सांगत नाही. मला ते द्राक्षबागेनं सांगितलं. एप्रिलची खरड छाटणी फळासाठी नसतेच, काडी तयार व्हावी म्हणून असते. घड येतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. माझी बरीच वर्षं एप्रिलची होती, आणि काडी तयार केली ती आमच्या बैठकीनं.

बैठक म्हणजे बाजारातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मागची खोली. दुकानदार, निवृत्त हवालदार अण्णा, शेजारच्या गावचे पोलीस पाटील, एक आशाताई, आणि कांद्याचा लिलाव लवकर संपला तर दोन-चार शेतकरी. मी वाचतो, ते ऐकतात. साहित्य वगैरे कोणी म्हणत नाही. माझ्या कथेत एकानं चहातून कीटकनाशक पाजलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, त्या औषधाला वास किती असतो माहितीये? कप ओठाशी जायच्या आत फेकून देईल तो.” अण्णा म्हणाले, “आणि विष कोणतं ते दुसऱ्या दिवशी कसं कळलं तुमच्या साहेबाला? व्हिसेरा राखून ठेवतात, तपासणीला पाठवतात. अहवालाची वाट बघण्यात महिने जातात.” त्या महिन्यांत गावात काय काय होतं, तेच आता माझ्या कादंबरीचं मधलं प्रकरण आहे.

पण सगळ्यात मोठा प्रश्न आशाताईंचा. “बाई रात्री घरातून निघाली आणि शेजारणीला कळलं नाही? कुठल्या गावची गोष्ट सांगताय, दादा?” खरंच. शहरातल्या रहस्यकथेत कोणालाच काही माहीत नसतं. इथे दोन दिवसांत सगळ्यांना सगळं माहीत असतं. खून कोणी केला यापेक्षा, कळलेलं समक्ष कोण सांगणार, इथे खरं रहस्य आहे. हे कळल्यावर आजोबांच्या ‘सारखे दिसणारे’मधली जरब मला दिसली. जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं, म्हणजे उलटतपासणीत हलत नाही. आता माझ्या वाक्यांतून विशेषणं आपोआप गळतात.

एवढ्यात कायदाच बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० च्या दंड संहितेतलं, गावातल्या पोरासोरांनाही पाठ असलेलं ३०२ गेलं. खुनाचं कलम १०३ झालं. माझ्या कादंबरीतला खून त्याच वर्षी सप्तशृंगीच्या यात्रेत होतो. पण कोणत्या यात्रेत, चैत्राच्या की कोजागरीच्या, म्हणजे जुन्या कायद्यात की नव्या? यावर बैठकीत दोन संध्याकाळी भांडण झालं. आशाताईंना कोजागरी हवी होती: कावडीवाले, रात्रभर जागं असलेलं गाव, गर्दी. अण्णांना चैत्र, कारण जुने नमुने त्यांच्या हाताखालून गेलेले. मलाही आधी कोजागरीच भावली होती. मग पाटलांनी आठवण करून दिली, की नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करावं लागतं, पंचांच्या सह्यांसकट. चित्रीकरण हाताशी असेल, तर ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ असं कोर्टात म्हणणं अवघड. आणि माझी अख्खी कादंबरी तर एक पंच फितूर होतो यावरच उभी आहे.

तेव्हा खून २२ एप्रिल २०२४ च्या रात्री, चैत्रपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. आशाताईंनी अजून संमती दिलेली नाही.