उंदीर, मांजर आणि अडकित्ता

मराठीच्या प्राध्यापकाने काय पाहावे आणि काय पाहू नये, याविषयी समाजाच्या काही ठाम कल्पना असतात. त्याने नाटक पाहावे, क्वचित चित्रपटही पाहावा. मात्र मध्यंतरात चेहरा थोडा उदास ठेवावा. एकदा आमच्या नांदेडच्या घरी एक सहकारी प्राध्यापक न कळवता आले. मी त्या वेळी जमिनीवर मांडी घालून ‘टॉम आणि जेरी’ पाहत होतो आणि हसून हसून डोळे पुशीत होतो. शेजारी तपासायला आलेला एक प्रबंध पडला होता. त्यांनी आधी प्रबंधाकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले आणि “मुलीसाठी लावलंय वाटतं,” असे म्हणून माझी अब्रू राखली. मुलगी शाळेत गेली आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.

दिवाळीच्या निमित्ताने आज ते सांगून टाकतो. त्या उंदरामांजराचे आमच्या घरावर ऋण आहे, आणि ऋण लपवून ठेवणे बरे नव्हे.

त्यांची आणि माझी ओळख लातूरची. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या खांबावरून केबलची काळी तार आमच्या माळवदावर उतरली. मी तेव्हा शाळेत होतो. इंग्रजीशी माझे फारसे बरे नव्हते. पण दारात शेपटी चेमटल्यावर मांजर जे ओरडते, त्याला अनुवाद लागत नाही. मात्र खरे सांगायचे तर मला त्या खेळाचे विशेष नवल वाटले नाही. तो खेळ आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालत असे, आणि त्याला केबलचे पैसे पडत नसत.

आमची आई आणि मोठीआई या जावा. गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जुन्या घरात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे एकत्र काढली. काका गेले, मग वडील गेले, तरी घर सोडले नाही. गंजगोलाईची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की, तिथे सगळीकडून रस्ते येऊन मिळतात आणि मध्ये गोल बाजार आहे. कुठूनही निघा, फिरून तिथेच पोहोचता. या दोघींचे भांडणही तसेच होते. विषय आमटीतल्या मिठाचा असो की शेजारणीच्या सुनेचा, तो फिरून फिरून अडकित्त्यावर येई. घरात अडकित्ता एकच. पितळी, आजीच्या हातचा. मरताना आजीने तो कोणाच्या हाती दिला, याविषयी घरात दोन परस्परविरोधी परंपरा होत्या. पाठभेदांचा अभ्यासक म्हणून मी दोन्ही तपासून पाहिल्या आहेत आणि दोन्ही अविश्वसनीय आहेत. त्यामुळे ज्या बाईच्या हाती अडकित्ता लागे ती तो लपवी आणि दुसरी तो शोधी. कणगी, देव्हारा, अंथरुणांची वळकटी, एकदा तर माझे दप्तर. कोणतीच जागा सुरक्षित नव्हती.

२०१६ च्या उन्हाळ्यात या युद्धाने कळस गाठला. त्या वर्षी लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. घरातल्या पिंपाचा कारभार आईकडे होता. ती तांब्यांनी मोजून पाणी देई. मोठीआईची तुळस सुकू लागली, आणि पिंपातले पाणी रात्री कमी होऊ लागले. एके रात्री आई हातात बॅटरी घेऊन दारामागे दबा धरून बसली. पदराखाली तांब्या लपवून मोठीआई अनवाणी आली. आईने झर्रकन बॅटरी लावली. मोठीआईने दचकून पाऊल मागे टाकले, ते नेमके रिकाम्या बादलीत. आणि बादलीसकट ती दोन पायऱ्या खाली गेली. तिला सावरायला आई धावली, ती सांडलेल्या पाण्यावरून घसरत तिच्यामागोमाग अंगणात. सगळी गल्ली जागी झाली. पुढे आठ दिवस आई मोठीआईच्या पायाला तेल-हळद लावीत होती आणि लावताना शिव्या देत होती. मोठीआई शिव्या ऐकत होती आणि आईच्या सुजलेल्या घोट्यावर लेप देत होती. मोठीआईला त्या आठ दिवसांत पायरी उतरता येत नव्हती. तरी तुळशीची माती रोज पहाटे ओली दिसे. ते पाणी कोण घालीत होते, याची चौकशी कोणी केली नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मोठीआई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी आईला नांदेडला घेऊन आलो. लातूर आणि नांदेड यांच्यात अंतर ते किती! चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी. तीन-चार तासांत आणून सोडते. पण तेवढ्या प्रवासात आईला वीस वर्षांचे वय चढले. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. अडकित्ता तिच्या पिशवीत होता. त्यावर आता दुसऱ्या कोणाचा हक्क उरला नव्हता.

घरी आल्यावर आम्ही सर्वांनी फार चांगले वागायचे ठरवले. चांगले वागण्यासारखा सोपा निर्णय दुसरा नाही. सौभाग्यवती रोज विचारी, “आई, आज भाजी कोणती करू?” आई म्हणे, “कोणतीबी कर.” मी पंखा लावू का विचारी; ती म्हणे, “लाव.” बंद करू का विचारी, ती म्हणे, “कर.” ज्या बाईने पंख्याच्या बटणावरून चाळीस उन्हाळे गाजवले तिच्याकडून हे ऐकताना माझ्या पोटात कालवाकालव होई. तिचा आहार दीड भाकरीवरून चतकोरावर आला. डॉक्टरांनी रक्त तपासले, छाती तपासली आणि आजार काही नाही असे सांगितले. अडकित्ता फडताळात सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. त्याला ती हात लावीत नव्हती.

एका रविवारी आमची छकुली टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर टॉम आणि जेरी होते. पण माझे जुने नव्हेत, २०१४ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेतले. रंग स्वच्छ, रेघा नीटनेटक्या. आई मागे खाटेवर बसली होती. ती पाहते आहे हेही आमच्या लक्षात नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली,

“ह्या मांजराला भूक नाही काय की. उगंच पळूलालंय.”

वीस वर्षे मी मुलांना समीक्षा शिकवतो आहे. इतकी नेमकी समीक्षा मला एका वाक्यात कधी करता आली नाही. शिवाय आईने कित्येक आठवड्यांत आपण होऊन उच्चारलेले ते पहिले वाक्य होते. मी त्याचा पाठपुरावा करायचे ठरवले. प्राध्यापकाला घरातले दुःख कळले की तो आधी वाचनालयाची वाट धरतो. तसाच मीही शोध घेऊ लागलो.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघे या जोडीचे जनक. अमेरिकेतल्या एमजीएम कंपनीत त्यांची टेबले समोरासमोर असत. १९४० ते १९५८ या काळात त्यांचे ११४ छोटे चित्रपट पडद्यावर आले आणि त्यांपैकी ७ चित्रपटांना ऑस्कर मिळाले. कल्पना लढवून चित्रे काढण्यात बार्बेराचा हातखंडा. कोणती गोष्ट नेमकी कोणत्या क्षणी आदळली म्हणजे हसू येते, हे हॅनाला कळे. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीही हॅनाच्याच गळ्यातली. पुढे कंपनीने तो विभाग बंद केला आणि मांजर परक्या हातांत गेले. १९७५ साली मात्र ते हॅना-बार्बेरांच्या स्वतःच्या संस्थेत परत आले. तेव्हा मुलांच्या कार्यक्रमात मारामारी नको, अशी दूरचित्रवाणीची अट होती. म्हणून जेरीच्या गळ्यात लाल बो बांधण्यात आला आणि टॉम व जेरी यांची चक्क मैत्री लावून देण्यात आली! दोघे मिळून सहलीला जाऊ लागले. ज्यांनी जन्म दिला त्यांनीच ते केले, तरीही त्यात जीव आला नाही.

आमच्या व्यासांना हे ठाऊक होते. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला लोमश नावाच्या मांजराची आणि पलित नावाच्या उंदराची गोष्ट सांगतात. लोमश पारध्याच्या जाळ्यात सापडतो. इकडे पलितावर मुंगूस आणि घुबड टपलेले असतात. पलित सरळ मांजराच्या कुशीत शिरून जीव वाचवतो आणि पारधी अगदी जवळ आल्यावरच जाळे कुरतडतो. सुटका झाल्यावर लोमश मैत्रीचे आमंत्रण देतो. शहाणा पलित ते नाकारतो. आपण आपल्या बिळात बरे, तू तुझ्या झाडावर बरा! उंदराने मांजराच्या मैत्रीला नकार देणे हाच त्या दोघांच्या नात्याचा सन्मान होता. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेन! पण ती आमच्या घराला लागू आहे, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या घरातही १९७५ साल चालू होते. आम्ही सर्वांनी गळ्यात लाल बो बांधले होते, आणि आई उपाशी राहत होती.

मी छकुलीला जुन्यातला सर्वांत जुना चित्रपट शोधायला सांगितला. तो १९४०चा. आणखी एक वस्तू फुटली तर हाकलून देईन, असा दम मालकिणीने मांजराला दिलेला असतो. हे ऐकून उंदीर उंचावर चढतो आणि काचेचा पेला खाली टाकायची धमकी देतो. मांजर बिचारे धावत सुटते, एकेक वस्तू झेलते. बशांवर बशा रचते. आईचा पदर तोंडाशी गेला. मग खांदे हलू लागले. “अक्का! अक्काच की गं ही!” ती छकुलीला म्हणाली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. डोळ्यांतले पाणी कोणत्या प्रकारचे होते ते सांगणे कठीण आहे. मी विचारले नाही.

त्या रात्री मी तिला आणखी एक चित्रपट दाखवला. नाव ‘द कराटेगार्ड’. २००१ साली हॅना वारला. साठ वर्षांहून अधिक काळची जोडी फुटली. त्यानंतर २००५ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, बार्बेराने आपल्या मांजराला आणि उंदराला पुन्हा एकदा पळवले. स्वतः गोष्ट रचली आणि दिग्दर्शनालाही हातभार लावला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, तोही गेला. त्यात उंदीर कराटे शिकतो आणि घंटा वाजवली की कुत्रा त्याच्या रक्षणाला येतो. कथेत तसे नवे काही नाही.

मी ही सगळी हकीकत आईला सांगितली. तिने एकच विचारले,

“जोडीदार गेल्यावर केलंय हे?”

“हो.”

ती शेवटपर्यंत न बोलता पाहत होती. मग म्हणाली, “पहिल्यावाणी नाही पळत. पण पळूलालंय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एक पाप केले. फडताळातला अडकित्ता उचलला आणि माझ्या पुस्तकांच्या मागे, शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडाआड लपवला. दुपारपर्यंत काही घडले नाही. संध्याकाळी आईने हलक्या आवाजात विचारले, “माझा अडकित्ता कुणी घेतलाव?” मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “मला काय माहीत? आणि तो तुझा कशावरून? आजीने तो मोठीआईला दिला होता.”

घरात शांतता पसरली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात हातातल्या उलथन्यासह थिजली. आईने माझ्याकडे पाहिले. फार दिवसांनी तिने माझ्याकडे असे पाहिले. मग कमरेला पदर खोचून ती उठली आणि चाळीस वर्षांचा इतिहास पहिल्या अध्यायापासून सुरू झाला. त्या रात्री ती सव्वा भाकर जेवली.

चार दिवसांनी महाविद्यालयात तास घेताना मी वाचायला पुस्तक उघडले आणि चष्म्याचे घर उघडले. घरात चष्मा नव्हता. सुपारीची बारीक कातरलेली खांडे होती; काठोकाठ. ती टेबलावरून घरंगळत पहिल्या बाकापर्यंत गेली. साठ मुले हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला, आणि चष्म्यावाचून तो तास कसाबसा निभावला.

घरी येऊन मी शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. त्यामागे अडकित्ता नव्हता. तिथे माझा चष्मा होता. आई खाटेवर बसून अगदी निरागस चेहऱ्याने दिव्याच्या वाती वळीत होती.

“आई, हे काय?” मी शक्य तितक्या रागाने म्हणालो.

“मला काय म्हायती?” ती म्हणाली. “आन् पंखा कामून लावलास? बंद कर तो.”

मी पंखा बंद केला नाही.