गांधीजींसमोरचे कॅमेरे

सेवाग्रामच्या कुटीत भर दिवसासुद्धा उजेड बेताचाच असतो. मातीच्या भिंती, बांबूवर पेललेलं कौलारू छप्पर, खाली उतरलेली वळचण. वर्ध्याच्या उन्हात गारवा मिळावा म्हणून बांधलेली ही जागा. छायाचित्रकाराची सोय कोणी पाहिलेली नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आश्रमाचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणाऱ्या विशीतल्या एका तरुणाला इथे फोटो काढण्याची ओढ लागली. नाव कनू गांधी, नात्याने गांधीजींचा चुलत नातू. जुहूच्या वाळूत आजोबांच्या काठीचं टोक धरून पुढे धावणारा जो मुलगा १९३७च्या त्या सुप्रसिद्ध फोटोत दिसतो, तो कनू वेगळा. तो रामदास गांधींचा मुलगा. या कनूंची जागा पुढची दहाएक वर्षं कॅमेऱ्याच्या मागेच राहिली.

फोटोंचा नाद त्यांना लावला तो विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. गांधीजींनी आधी नकार दिला. असल्या कामावर खर्च करायला आश्रमाकडे पैसे नव्हते. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. मग गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. ‘जरा इकडे बघा, असे बसा’ म्हणायचं नाही. आणि या उद्योगासाठी आश्रमाकडून पैसा मागायचा नाही.

छायाचित्रकाराने अमुकच कॅमेरा का घेतला, याची उत्तरं आपण लेन्सच्या गुणांत, किमतीत, कंपनीच्या नावात शोधतो. ती खोटी नसतात. पण सेवाग्रामच्या या तीन अटी वाचल्या की जाणवतं, निम्मी निवड समोरच्या माणसाने करून ठेवलेली असते. तो किती जवळ येऊ देतो, किती उजेड सोसतो, आपल्याकडे कसं पाहिलेलं त्याला चालतं, हे कॅमेऱ्याच्या आकारातच मुरतं.

रोलायफ्लेक्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावचा. फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून तो १९२९मध्ये बाजारात आला. एकावर एक दोन लेन्स: वरची पाहण्यासाठी, खालची फोटो घेण्यासाठी. वरच्या लेन्समधून आलेलं दृश्य आतल्या तिरप्या आरशावरून वळून माथ्यावरच्या धूसर काचेवर उमटतं. कॅमेरा छातीपोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि काचेत पाहायचं. तिथे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं, त्यामुळे चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा फिरवताना नवख्याचा हात नेमका उलट दिशेला जातो. सरावाला वेळ लागतो. एकदा हात बसला, की मात्र या यंत्राचे दोन गुण कळू लागतात. आरसा जागचा हलत नसल्याने फोटो घेताना जेमतेम टिक ऐकू येते. आणि छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही. डोळ्याला यंत्र लावलेला माणूस समोर रोखून उभा आहे, असं समोरच्याला वाटत नाही. त्याला दिसतो तो मान झुकवून काहीतरी न्याहाळणारा माणूस.

पत्रं लिहिणाऱ्या, सूत काढणाऱ्या, मालिश करून घेणाऱ्या, पाहुण्यांशी बोलणाऱ्या माणसाजवळ दिवसभर वावरायचं तर हेच यंत्र हवं होतं. फ्लॅश नाही म्हटल्यावर उरला दाराखिडकीतून येईल तेवढा उजेड. त्या काळची फिल्म आजच्या मानाने मंद. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, हात हलला की चित्र हले. कनूंच्या कितीतरी फोटोंत कडा विरघळलेल्या आहेत, काळोख दाट आहे, गांधीजी पाठमोरे आहेत. ‘इकडे बघा’ म्हणायची सोयच नव्हती! आश्रमाचा पैसा नाही, म्हणून रोलही मोजके, आणि एका रोलवर फोटो बाराच. या सगळ्या अडचणींमुळे ते फोटो उणे झाले, असं कोणी म्हणत असेल तर ते मुळीच पटण्यासारखं नाही. गांधीजींचे नीटनेटके फोटो जगभर पुष्कळ आहेत. घरातल्या माणसाला दिसणारे गांधीजी कनूंच्याच फोटोंत भेटतात.

एका प्रसंगी ही परवानगीही मिळाली नाही. फेब्रुवारी १९४४मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, त्यांचं डोकं गांधीजींच्या मांडीवर होतं. तेव्हा गांधीजींनी कनूंना फोटो घेऊ दिला नाही.

पुण्यातच, दोन वर्षांनी, १९४६मध्ये, अगदी वेगळ्या घडणीची एक छायाचित्रकार गांधीजींसमोर आली. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट. या साप्ताहिकाच्या १९३६च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ, माँटानातल्या फोर्ट पेक धरणाचं, त्यांचंच. त्यांची उमेदवारी झाली क्लीव्हलंडच्या पोलादाच्या कारखान्यात. वितळलेल्या पोलादाचा लाल उजेड डोळे दिपवतो, पण तेव्हाच्या फिल्मला लाल रंग धड दिसत नसे. धगधगती भट्टी फोटोत काळी यायची. बर्क-व्हाइट यांनी तिथे मॅग्नेशियमचे पलिते पेटवून तो अंधार जिंकला. तेव्हापासून आपला उजेड आपण घेऊन जायचा, ही त्यांची रीत पडली. वजनदार कॅमेरे, तिपाई, फ्लॅशचे बल्ब असा सरंजाम त्यांच्यासोबत असे, आणि तो त्यांच्या कामाला साजेसाच होता. धरणाला, भट्टीला, कारखान्याला उजेडाचा त्रास होत नाही.

गांधीजींना होत असे. चरख्याचा फोटो घ्यायचा तर आधी सूत कातायला शिका, असं आश्रमीयांनी बाईंना सांगितलं आणि त्या शिकल्या. मग कळलं की गांधीजींचा मौनाचा दिवस आहे आणि झगमगीत प्रकाश त्यांना सोसत नाही. बरीच गळ घातल्यावर परवानगी मिळाली ती तीन बल्बांची. त्यातले पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने साथ दिली. तो फोटो आज शाळेच्या पुस्तकांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे भेटतो: पुढे चरखा, वर खिडकीचा उजेड आणि चरख्यापलीकडे बसलेले गांधीजी. नीट पाहिलं तर लक्षात येतं की ते सूत कातत नाहीत, वाचताहेत. शेकडो बल्ब वापरायची सवय असलेल्या बाईंना तिनावर आणून ठेवण्यात गांधीजींचा त्या फोटोत मोठा वाटा आहे, असं मनापासून वाटतं.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराला अशी गळ घालावीच लागत नसे, कारण त्यांच्याकडे बल्बच नसत. १९३२मध्ये मार्सेय शहरात त्यांच्या हाती लायका आला आणि पुढे जन्मभर तोच त्यांचा कॅमेरा राहिला. लायकाच्या जन्माची कथा निवडीच्या दृष्टीने फार बोलकी आहे. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातले ओस्कार बार्नाक यांना दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे पाठीवर टाकून डोंगर चढणं त्यांना झेपेना. सिनेमाच्या फिल्मची पट्टी आडवी वापरून त्यांनी खिशात मावेल असा कॅमेरा १९१३-१४च्या सुमारास तयार केला. त्यातूनच २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट रूढ झाली. लायका विक्रीला आला १९२५मध्ये, लाइपझिगच्या जत्रेत. आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या ‘फुल फ्रेम’ची मापं तीच आहेत. एका माणसाच्या छातीला धाप लागत होती म्हणून ठरलेलं माप शंभर वर्षं टिकून आहे.

कार्तिए-ब्रेसाँ लायकाच्या चकचकीत धातूवर काळी पट्टी चिकटवत, म्हणजे उन्हात तो चमकून लोकांचं लक्ष जाऊ नये. लेन्स बहुधा एकच, ५० मिलिमीटरची. लायकाच्या बाजूच्या खिडकीतून पाहताना चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं, त्यामुळे कोण आत शिरतंय हे आधीच कळतं. गर्दीत हरवून जाणाऱ्या, वाट पाहणाऱ्या त्यांच्या स्वभावाला हे यंत्र तंतोतंत जुळलं.

३० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये त्या दिवशी बर्क-व्हाइट गांधीजींची मुलाखत घेऊन गेल्या होत्या. कार्तिए-ब्रेसाँही दुपारी भेटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात झालेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांनी गांधीजींना दाखवली. कनू गांधी दूर नोआखालीत होते. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोघेही परदेशी छायाचित्रकार धावत परतले. पार्थिव ठेवलेल्या खोलीत बर्क-व्हाइट यांनी फ्लॅश उडवला. शोकात बुडालेले लोक खवळले, त्यांची फिल्म निकामी करण्यात आली आणि त्यांना बाहेर जावं लागलं. कार्तिए-ब्रेसाँ यांनी मिळेल त्या उजेडात काम केलं. बिर्ला हाउसच्या फाटकाशी उभे राहून नेहरू ती बातमी लोकांना सांगताहेत, तो फोटो त्याच रात्रीचा. दिव्याचा डाग, धूसर झालेले चेहरे, आणि त्यात नेहरू. फ्लॅशच्या लख्ख उजेडात या रात्रीचं काय उरलं असतं, असा विचार तो फोटो पाहताना येतोच.

याचा अर्थ लहान कॅमेरा सोज्वळ आणि मोठा उद्धट, असा मात्र नव्हे. याच दिल्लीत होमाई व्यारावाला दोन्ही बाळगून होत्या.

होमाईंचा जन्म १९१३चा, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. छायाचित्रण शिकवलं माणेकशांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीचे फोटो छापूनही आले ते माणेकशांच्याच नावाने. १९४२मध्ये दोघं दिल्लीला गेली. साडी नेसून, सामान सायकलवर लादून होमाई दिल्लीभर हिंडत. सामानात रोलायफ्लेक्स असे, आणि स्पीड ग्राफिकही. हा दुसरा कॅमेरा अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा, वृत्तपत्रांचा लाडका. ४ बाय ५ इंचांची सुटी फिल्म, एकेका खोक्यात दोनच. प्रत्येक फोटोनंतर फिल्म उलटायची, शटर ताणायचं, जळालेला बल्ब बदलायचा. धावपळीच्या बातमीदारीत असलं धूड कोण वापरील, असं आज वाटेल. पण मोठी निगेटिव्ह हवी तशी कातरता येई आणि जाडाभरड्या वर्तमानपत्री कागदावरही नाकडोळे स्पष्ट उठत. रात्रीच्या मेजवान्यांत त्याचा बल्ब कामी येई. पाहुण्यांनाही त्याची सवय असे. समारंभात फोटो निघणारच, हे गृहीत धरूनच ते आलेले असत. जिथे माणसं स्वतःला दाखवायला जमली आहेत, तिथे फ्लॅश कोणाचा अपमान करत नाही. मृत्यूच्या खोलीत करतो.

३० जानेवारीच्या त्या प्रार्थनेला होमाईही निघाल्या होत्या. माणेकशांनी मागे बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. ती चुकामूक त्यांना आयुष्यभर खुपत राहिली. अंत्ययात्रा मात्र त्यांनी टिपली.

त्या काळच्या महाराष्ट्रात रोलायफ्लेक्स ही हौशी माणसाची मोठीच ऐपत. लता मंगेशकरांना छायाचित्रणाचं वेड होतं आणि त्यांच्याकडे हा कॅमेरा होता. सामान्य घरात आला तो नंतरचा, वडोदऱ्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. साधी प्लास्टिकची डबी, पण फिल्म तीच, १२० नंबरची, आणि फोटोही बाराच, चौकोनी. मुंजीचे, सहलींचे, दारातल्या तुळशीपुढचे ते पांढऱ्या काठाचे चौकोन अजून कितीतरी अल्बमांत आहेत. आयातीवरच्या बंधनांमुळे बाकी निवड अशी फारशी नव्हतीच. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेला, नाहीतर मुंबईच्या बोरा बाजारात जुना मिळालेला कॅमेरा घ्यायचा, आणि तो दुरुस्त करणारा माणूस गावात आहे ना, एवढं पाहायचं.

होमाईंनी १९७०मध्ये काम थांबवलं. नव्या वृत्तछायाचित्रकारांची वागण्याची रीत त्यांना रुचेनाशी झाली होती. त्यांच्या पिढीने कपड्यांपासून अंतरापर्यंतची शिस्त पाळली होती. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. ते फोटो पुस्तकात किंवा प्रदर्शनात पाहायला मिळाले, तर चौकट जरूर बघावी. न कातरलेला चौरस असेल तर तो बहुधा रोलायफ्लेक्सचा. तो डोळ्याच्या नव्हे, पोटाच्या उंचीवरून घेतलेला असतो, म्हणून त्यातली उभी माणसं किंचित उंच दिसतात, आणि कित्येकांची नजर लेन्सच्या थोडी वर, होमाईंच्या चेहऱ्याकडे असते.