शेवटच्या रांगेला दिसणारी भुवई

मंद्रूपला कथकचा वर्ग चालवताना पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "शिकू दे ताई, पण स्टेजवर नको. गॅदरिंगपुरतं ठीक." मग मी त्यांना नर्तकी लीला सोखींबद्दल सांगते.

जन्म १८९९ चा, बारिसालच्या जमीनदार बंगाली घराण्यातला, आई इंग्रज. पती साहिबसिंग सोखी पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. अशा घरची बाई अच्छन महाराजांसारख्या गुरूंकडे कथक शिकली आणि तिकीट लावून नाचली. नाव घेतलं मेनका! इंद्रदरबारच्या अप्सरेचं. टीकाकारांना बोलायला तिने काही शिल्लकच ठेवलं नाही.

शिकवणारी म्हणून मला त्यांचं दुसरं धाडस मोठं वाटतं. कथक वाढलं बैठकीत. जाणकार चार हातांवर बसलेला, त्याला भुवईची हालचालही पुरते. थिएटरात मागच्या रांगेला ती दिसणार कशी? मेनकांनी एकट्या नर्तकीच्या जागी समूह उभा केला, त्याला कथानक दिलं. माझ्या शहाबादी फरशीवर आठ जणी तत्कार करतात तेव्हा यातली अडचण कळते. एकटीची लय पुढे पळाली तर सम गाठेपर्यंत सावरता येते. ओळीत एकीचा पाय अर्धी मात्रा आधी पडला की आठही जणींचं नाचणं फसतं. चक्कर घेताना तर शेजारणीचा हात चुकवायचाच, वर चेहरा गवळणीचा ठेवायचा. हे सगळं बसवून मेनका १९३६ मध्ये ऑलिम्पिकनिमित्त भरलेल्या बर्लिनच्या नृत्यमहोत्सवात नाचल्या. परतल्यावर खंडाळ्याला 'नृत्यालयम्' काढलं.

त्यांनी 'मालविकाग्निमित्रम्'ही बसवलं. कालिदासाची मालविका आपल्या विदर्भाची राजकन्या; राजासमोर नाचते, पण दासी म्हणून. राजकन्येची ओळख उघड झाल्यावर तिला कोणी नाचायला उभं केलं असतं का, हे मी मुलींना मुद्दाम विचारते. मुली हसतात, पालक नाही.

तरीही मेनकांचं सगळं कौतुक मला झेपत नाही. बंगला, पतीचा पाठिंबा, इंग्रजी येणारी वर्तुळं पाठीशी होती, म्हणून त्यांचं नाचणं 'कला' ठरलं. तेच बोल, तीच अदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या बायका मात्र 'नाचणाऱ्या'च राहिल्या. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या लावणी कलावंत सत्यभामाबाई पंढरपूरकर बसल्या जागी लावणीच्या एका ओळीचे कितीतरी अर्थ नजरेने दाखवायच्या. कथकमधला बसून केलेला भाव याहून वेगळा काय असतो? मेनकांच्या हाताखाली तयार झालेली दमयंती जोशी ही मराठी मुलगी युरोपच्या दौऱ्यावर लहानपणीच गेली आणि १९७० साली पद्मश्री झाली. हा रस्ता मेनकांनी मोकळा केला, हे खरंच. पण त्याच्या खालची खडी दुसऱ्यांनी फोडली होती.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलीला कथकला घालायच्या आधी तिच्यासोबत एकदा बैठकीची लावणी बघा, पुढच्या रांगेत बसून.