सुनेचा प्रत्यय

शब्दांनाही सासर असते. एम.ए.च्या वर्गाला 'सून' या शब्दाची कुळकथा सांगताना हे मला दर वर्षी नव्याने जाणवते. संस्कृत 'स्नुषा', प्राकृत 'सुण्हा' आणि आपली 'सून', एवढे मुलांना ठाऊक असते. पण हिची एक बहीण पार रशियाकडे दिलेली आहे म्हटले, की मागच्या बाकावरच्या माना वर होतात.

रशियन भाषेत सुनेला 'स्नखा' म्हणतात. रशियन, पोलिश, सर्बियन या भगिनींची जी आदिस्लाव्ह माता, तिच्यात हा शब्द साधारण 'स्नुखा' असा होता. स्लाव्ह भाषा प्रथम लिहिली गेली ती नवव्या शतकात. त्यामुळे पंडित लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ताडतात आणि अशा शब्दाच्या कपाळी एक तारका काढतात.

त्याहूनही जुने रूप 'स्नुसोस्'. गंमत पाहा, शब्द बाईमाणसाचा, पण प्रत्यय बहुधा पुरुषी शब्दांना लागणारा! ग्रीकांच्या 'नुओस्'ने तो जपला. संस्कृतात आणि स्लाव्हमध्ये मात्र सुनेला 'आ'कारान्त करून 'माला', 'शाला' यांच्या पंगतीला बसवले. शिवाय 'उ'च्या शेजारामुळे तिचा 'स' बदलला. इकडे 'ष' झाला, तिकडे 'ख'.

आपल्याकडे ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहीत, तसेच हे. माझ्या आईचेही लिहिले होते. तिचे माहेरचे नाव मला कळले ते मावशीमुळे. मावशी दारातूनच त्या नावाने हाक मारी आणि आई निराळ्याच आवाजात 'ओ' देई.

या 'स्नुखा'ची विभक्ती चालवताना एक जागा मला फार आवडते. षष्ठीला 'स्नुखी', पण पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या बोलींत चतुर्थीला 'स्नुसे'! 'ख' जाऊन 'स' परत येतो. कारण पुढच्या स्वराचे, पण वर्ण माहेरचाच. आणि चतुर्थी म्हणजे तर देण्याची विभक्ती. आजच्या रशियनने मात्र तिथेही 'ख' करून सारे सारखे करून टाकले आहे.

मावशी गेल्यापासून आईला त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. परवा मीच विचारले, "आई, मी मारू का त्या नावाने हाक?"

"अरे, आईला का कुणी नावाने हाक मारतं?" ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता, वर न बघता म्हणाली,

"बरं, एकदाच मार."